उरले तास ३७,२७२

हा हिशेब उलट्या बाजूने मांडला आहे. शून्याचा काटा ठेवलाय बुधवार, ४ मार्च २०२० वर. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयाने लवादाच्या निवाड्यावर मोहोर उठवली: अँथनी लेव्हान्डोवस्की या इंजिनीअरने गूगलला सुमारे १७ कोटी ९० लाख डॉलर द्यायचे. कारण, नोकरी सोडताना त्याने सहकारी फोडले आणि तोच धंदा समोर थाटला. तिथून तारखेमागे तारीख मोजत गेलं की पहिली नोंद ३७,२७२ तास मागे सापडते. महिने सोडून तास मोजायचं कारण एवढंच, की या प्रकरणात साक्षीदारांपेक्षा संगणकाची नोंदवही जास्त बोलली.

३ डिसेंबर २०१५, गुरुवार. उरले ३७,२७२ तास

गूगलच्या एका लॅपटॉपवर साधा शोध नोंदला गेला. बिनचालकाच्या मोटारीची डिझाइन ज्या सर्व्हरवर ठेवली आहेत, तिथे पोचायचं कसं?

शोधणारा नवखा नव्हता. २००४ साली अमेरिकी लष्कराच्या डार्पा या संशोधन संस्थेने वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत लावली, तेव्हा सगळे चारचाकी घेऊन आले आणि लेव्हान्डोवस्कीने मोटारसायकल आणली. सुरुवातीच्या रेषेवर तोल सांभाळणारी यंत्रणा चालू करायची राहून गेली आणि गाडी तिथेच आडवी झाली. तरी नाव झालं ते झालंच. २००८ मध्ये त्याने एक प्रियस गाडी पिझ्झा घेऊन सॅन फ्रान्सिस्कोचा बे ब्रिज पार करायला लावली. पुढे गूगलचा मोटार प्रकल्प उभा राहिला त्यात तो पहिल्या फळीत होता. त्या प्रकल्पाच्या बोनसपोटी गूगलने त्याला दिलेली रक्कम १२ कोटी डॉलरच्या वर जाते. पगाराची तक्रार असलेला माणूस नव्हे हा.

११ डिसेंबर, शुक्रवार. उरले ३७,०८० तास

सर्व्हरमधून फाइली उतरवायचं खास सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चढलं. मग १४,०००च्या वर फाइली उतरल्या, ९.७ जीबी. त्यात लायडारचा ऐवजही.

लायडार म्हणजे या मोटारीचे डोळे. लेझरचे झोत सोडायचे, ते आदळून परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून पुढे माणूस आहे, खांब आहे की सायकल, हे ठरवायचं. बाजारात ६४ लेझरांचं एक यंत्र तेव्हा ७५,००० डॉलरच्या आसपास पडायचं; गाडीपेक्षा डोळा महाग. गूगलच्या मंडळींनी स्वतःचं यंत्र बनवून ती किंमत ९० टक्क्यांनी खाली आणल्याचं पुढे जाहीर केलं. तेव्हा त्या ९.७ जीबीची किंमत काय, याचा अंदाज यावा.

१४ डिसेंबर, सोमवार. उरले ३७,००८ तास

त्याच लॅपटॉपला मेमरी कार्डाचा रीडर जोडला गेला. सुमारे आठ तास जोडलेला राहिला.

या आठ तासांवर पुढे शेकडो पानं खर्ची पडली. नखाएवढं कार्ड, लग्नाचे फोटो साठवायला वापरतात तसलं. ९.७ जीबी त्यावर जायला आठ तास लागत नाहीत. कदाचित सकाळी खोचलं आणि काढायचं संध्याकाळी आठवलं, कदाचित आणखी काही. नोंदवहीला कारण कळत नाही; तिला खोचल्याची वेळ कळते आणि काढल्याची. वकिलांना तेवढं पुरतं.

१८ डिसेंबर, शुक्रवार. उरले ३६,९१२ तास

लॅपटॉप पुसून त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली गेली. घर सोडताना भिंतीवरचे खिळेसुद्धा काढून भोकं बुजवणारा भाडेकरू असतो, तसं. फक्त इथे भोकं बुजवल्याचीही नोंद राहिली.

२७ जानेवारी २०१६, बुधवार. उरले ३५,९५२ तास

पूर्वसूचना न देता राजीनामा. त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, १४ जानेवारीला, तो उबरच्या मुख्यालयात जाऊन आला होता. पुढे ओटो या नावाने जगापुढे आलेल्या त्याच्या कंपनीची कागदोपत्री स्थापनाही राजीनाम्याच्या आधीच झाली होती. गूगल मॅप्समधला लिओर रॉन हा भागीदार. मग गूगलची माणसं एकेक करून तिकडे दिसू लागली.

आपल्याकडे फोडणे हे क्रियापद हल्ली आमदारांपुरतंच राहिलंय, पण धंद्यातही ते जुनं आहे. दुकानातला कसबी माणूस फोडायचा, म्हणजे त्याच्या मागे गिऱ्हाईक येतं. उबरला हे नवं नव्हतं. २०१५च्या सुरुवातीला पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रोबॉटिक्स केंद्रातून त्यांनी जवळजवळ ४० जण एका झटक्यात उचलले होते. केंद्राला मोठं खिंडार पडलं. सप्टेंबरमध्ये उबरने विद्यापीठाला ५५ लाख डॉलरची देणगी दिली. त्या प्रकरणात कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही.

गूगलच्या राज्यात तर चढायला कायदाही नव्हता. कॅलिफोर्नियात नोकर सोडून गेला आणि शेजारी दुकान टाकलं, तर त्याला अडवणारा करार १८७२पासून रद्दबातल आहे. हे साल ओळखीचं वाटेल. आपला भारतीय करार कायदाही १८७२चाच, आणि त्याचं कलम २७ हेच सांगतं. दोन्हींचं मूळ एक: डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या वकिलाने लिहिलेला दिवाणी संहितेचा मसुदा. न्यूयॉर्कने तो कधी स्वीकारला नाही, कॅलिफोर्नियाने उचलला आणि कलकत्त्यात बसून आपला कायदा लिहिणाऱ्यांनीही त्यातलं हे कलम घेतलं. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतला इंजिनीअर आणि हिंजवडीतला इंजिनीअर या एका बाबतीत सख्खे भाऊ.

ही मोकळीक बिनशर्त मात्र नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर टायर कॉर्डचं तंत्र शिकून पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला, तेव्हा १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला अडवलं: कराराची मुदत चालू आहे आणि तंत्र हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या बोलीवर घेतलेलं आहे. उलट पेप्सीने आपली माणसं कोका-कोला पळवते म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा १९९९ साली न्यायालयाने पेप्सीला हात हलवत परत पाठवलं. माणूस जाऊ शकतो. सोबत काय नेतो आणि कधीपासून नेतोय, प्रश्न तिथे सुरू होतो.

गूगलच्या तोंडी ही तक्रार शोभायची नाही, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर चुकलं नसतं. एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत असा गुपचूप समझोता केल्याबद्दल गूगल, ॲपल, इंटेल आणि ॲडोबी यांनी मिळून आपल्याच इंजिनीअरांना ४१ कोटी ५० लाख डॉलर मोजले होते. कोर्टाने त्या तडजोडीला मान्यता दिली सप्टेंबर २०१५ मध्ये. लेव्हान्डोवस्कीचा पहिला शोध त्यानंतर तीनच महिन्यांनी.

मार्च २०१६

ओटो विकत घेण्याची बोलणी सुरू झाली होती. उबरने एका तपासनीस संस्थेला ओटोच्या माणसांची झडती घ्यायला लावली: कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या घरी, जुन्या मालकाचं काय आहे? लेव्हान्डोवस्कीने स्वतःहून सांगितलं की आपल्याकडे गूगलच्या माहितीच्या पाच डिस्क निघाल्या. उबरचा प्रमुख ट्रॅव्हिस कालानिकने सांगितलं, ती माहिती आम्हाला नको, तिचं काय करायचं ते कर. त्या नष्ट केल्याचं लेव्हान्डोवस्कीने नंतर कळवलं.

मला हा या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण प्रसंग वाटतो. चोरीचा माल दारात आलाय हे घरमालकाला ठाऊक आहे, तो म्हणतो माल बाहेर ठेव आणि तू आत ये.

११ एप्रिल २०१६, सोमवार. उरले ३४,१५२ तास

सह्या झाल्या. आणि या करारात एक कलम होतं जे वाचताना डोळे चोळावेत. सही करण्यापूर्वीची दुष्कृत्यं, अशी चक्क व्याख्या केलेली संज्ञा त्यात होती. जुन्या मालकाची गुपितं वापरणं, त्याच्याशी बेइमानी, त्याची माणसं फोडणं, यावरून कुणी दावा लावला तर ओटोच्या या मंडळींचा खर्च आणि देणं उबर सोसेल. अट इतकीच, की झडतीत सगळं खरं सांगितलेलं हवं.

वकील म्हणतील, मोठ्या खरेदीत अशी हमी द्यावी लागते. लागत असेल. पण आग लागण्याआधी विमा काढणारा वेगळा आणि काडेपेटी खिशात असलेल्या पाहुण्याचा विमा काढणारा वेगळा. दुसऱ्याला पुढे कोर्टात एकच प्रश्न विचारला जातो: तुम्हाला आधीच कसं सुचलं?

१५ एप्रिल, शुक्रवार. उरले ३४,०५६ तास

उबरच्या सह्यांची शाई वाळते न वाळते, तोच विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरी एका ज्यूरीने मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सीला ९४ कोटी डॉलर ठोठावले. एपिक सिस्टिम्स ही रुग्णालयांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिच्या एका ग्राहकाकडे काम करणाऱ्या टीसीएसच्या माणसांनी त्या ग्राहकाच्या नावावरच्या लॉगइनने एपिकच्या भांडारातून ६,०००हून जास्त कागदपत्रं उतरवल्याचा आरोप होता. टीसीएसने आपण त्यांचा वापर केल्याचं नाकारलं.

माणसं फोडल्याचं ते प्रकरण नव्हतं, पण आकड्याची फोड बघा. भरपाई २४ कोटी, दंड ७० कोटी. आपल्या करार कायद्याच्या कलम ७३ला इतकंच ठाऊक, की जेवढं नुकसान झालं तेवढं भरून द्या. अमेरिकेतली दंडात्मक भरपाई त्याच्या डोक्यावर येते आणि तिचा नुकसानाशी संबंध दुरून असतो. ती ठरते हेतूवर. चुकून झालं की ठरवून? कळल्यावर थांबलात की पुसापुशी केलीत? वरच्या अधिकाऱ्याला ठाऊक होतं का? मॅडिसनच्या त्या आकड्याला पुढे कात्री लागत गेली. राज्याचा कायदा दंडाला भरपाईच्या दुपटीची मर्यादा घालतो, आणि २०२० साली अपिलात तो भरपाईइतकाच, १४ कोटींवर १४ कोटी, एवढा खाली आला. तरी मुंबईत त्या शुक्रवारच्या बातमीने किती जणांची झोप उडाली असेल, हे आयटीत काम करणाऱ्याला विचारावं.

सॅन फ्रान्सिस्कोत ती बातमी कुणी वाचली असेल तर त्याचा परिणाम दिसला नाही.

११ मे, बुधवार. उरले ३३,४३२ तास

राष्ट्राध्यक्ष ओबामांनी व्यापारी गुपितांच्या रक्षणाच्या नव्या कायद्यावर सही केली. आता अशा चोरीचा दावा थेट केंद्रीय न्यायालयात लावता येणार होता आणि कृत्य जाणूनबुजून, आकसाने केलेलं दिसलं तर भरपाईच्या दुपटीपर्यंत दंड.

सहाच दिवसांनी, १७ मे रोजी, ओटो जगासमोर आली. स्वतः चालणारा ट्रक, हमरस्ता, सुंदर व्हिडिओ.

१८ ऑगस्ट, गुरुवार. उरले ३१,०५६ तास

उबरने ओटो घेतल्याचं जाहीर केलं. वृत्तपत्रांत आकडा आला ६८ कोटी डॉलरचा, तोही शेअरांच्या रूपात आणि कामाचे टप्पे गाठले तर. लेव्हान्डोवस्की आता उबरच्या बिनचालक विभागाचा प्रमुख. याच महिन्यात गूगलकडून त्याला बोनसचा शेवटचा मोठा हप्ताही मिळाला. एका हाताने जुन्याचा निरोप, दुसऱ्या हाताने नव्याचा शकुन.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार. उरले २९,३५२ तास

गूगलने लेव्हान्डोवस्की आणि रॉन यांच्याविरुद्ध लवादाकडे तक्रार केली: सहकारी फोडले, करार मोडला. लवादाचं काम बंद दाराआड चालतं. वर्तमानपत्रात एक ओळ नाही. पुढे खरा घाव याच दारातून आला.

१३ डिसेंबर, मंगळवार. उरले २८,२४८ तास

गूगलचा मोटार प्रकल्प त्या दिवशी वेगळी कंपनी झाला. नाव वेमो. बारशाच्या दिवशीच पाळण्यात एक ईमेल येऊन पडला.

सर्किट बोर्डाचे भाग पुरवणारा एक व्यापारी. त्याची गिऱ्हाइकं दोन्हीकडची. त्याच्याकडून एक आराखडा निघाला, आणि पत्त्यांच्या ओळीत वेमोच्या एका कर्मचाऱ्याचं नाव राहून गेलं. कार्यालयात ज्याने ज्याने कधी 'रिप्लाय ऑल' दाबून जीभ चावली आहे, त्याच्या पोटात इथे गोळा येईल.

उघडून पाहिलं तर ओटोच्या लायडारचा बोर्ड. लेझरचे दिवे कुठे बसवायचे, कोणत्या कोनात, कडेला वळण कसं द्यायचं. भातुकलीच्या ताटलीसारखी दिसणारी हिरवी पट्टी, पण दिव्यांची ती मांडणी जमवायला वर्षं गेलेली असतात, कारण वरचा झोत दूरच्या गाडीवर पडायला हवा आणि खालचा समोरच्या पोरावर. वेमोच्या इंजिनीअरांना तो आराखडा आपल्याच बोर्डासारखा वाटला. सोडून गेलेल्यांचे जुने लॅपटॉपही तपासले गेले. तिथे ते आठ तास सापडले.

२३ फेब्रुवारी २०१७, गुरुवार. उरले २६,५२० तास

वेमोने उबर आणि ओटोवर दावा लावला. मागण्यांत दंडात्मक भरपाईही. न्यायाधीश विल्यम ऑल्सप. एका जुन्या खटल्यात कोडच्या ओळी समजून घेण्याइतका प्रोग्रामिंगचा सराव असलेले, भर कोर्टात दोन्हीकडच्या वकिलांना शिकवणी देणारे गृहस्थ. लेव्हान्डोवस्कीने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनेतला हक्क पुढे केला आणि तोंड मिटलं. ऑल्सप यांनी मे महिन्यात त्याला लायडारच्या कामापासून लांब ठेवायचा आदेश दिला, आणि प्रकरण सरकारी वकिलांकडे फौजदारी चौकशीसाठी पाठवलं. दिवाणी दाव्यात असं क्वचित घडतं.

३० मे, मंगळवार. उरले २४,२१६ तास

उबरने त्याला काढलं. तीन आठवड्यांनी कालानिकचीही खुर्ची गेली, त्याला इतरही बरीच कारणं होती.

५ फेब्रुवारी २०१८, सोमवार. उरले १८,१९२ तास

ज्यूरीपुढे सुनावणी सुरू झाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कालानिक साक्षीच्या पिंजऱ्यात. वेमोच्या वकिलांनी 'वॉल स्ट्रीट' या सिनेमातला हावरटपणाचं गुणगान करणारा प्रसंग पडद्यावर दाखवायला घेतला, कारण लेव्हान्डोवस्कीने त्याचा दुवा डोळा मारणाऱ्या चेहऱ्यासकट कालानिकला पाठवला होता. उबरच्या वकिलांनी हरकत घेतली, चित्रफीत चाललीच. कायद्याच्या दृष्टीने त्या चेहऱ्याला काही किंमत नव्हती. हेतू मोजायला बसलेल्या दहा माणसांच्या दृष्टीने होती.

आणि तरी वेमोची बाजू वाटते तितकी भक्कम नव्हती. फाइली उतरवल्या, हे दिसत होतं; त्या उबरच्या यंत्रात उतरल्या, हे दाखवणं कठीण जात होतं. एका गुपितावर अब्जावधी मागणारा वेमोचा हिशेब न्यायाधीशांनी आधीच बाजूला ठेवला होता. दोन्ही बाजूंना भीती होती, वेगवेगळी.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. उरले १८,०९६ तास

सकाळी साक्षी पुढे सुरू होण्याआधीच वकील उठले आणि तडजोड झाल्याचं त्यांनी सांगितलं. उबरने वेमोला आपले ०.३४ टक्के शेअर दिले, तेव्हाच्या भावाने सुमारे २४ कोटी ५० लाख डॉलरचे, आणि वेमोची गुपितं आपल्या गाड्यांत न वापरण्याचं कबूल केलं. नव्या प्रमुखाने खेद व्यक्त केला. ज्यूरीचं मत कधी कळलंच नाही.

सगळ्यांनी कॅमेरे आवरले. बंद दाराआडचा लवाद मात्र चालू होता.

२७ ऑगस्ट २०१९, मंगळवार. उरले ४,५६० तास

फौजदारी आरोपपत्र. ३३ कलमं, सगळी गुपितांच्या चोरीची किंवा चोरीच्या प्रयत्नाची. उबर आरोपी नाही, फक्त तो.

१४ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार. उरले ४५६ तास

शिकागोत आणखी एक ज्यूरी. दावा मोटोरोलाचा, प्रतिवादी शेन्झेनची हायटेरा. वॉकीटॉकीचा धंदा. आपल्या डिजिटल रेडिओचं घोडं अडलं, तेव्हा २००८च्या सुमारास हायटेराने मोटोरोलाच्या मलेशियातल्या केंद्रातले तीन इंजिनीअर फोडले, पद आणि शेअरांचं आमिष दाखवून. ते येताना हजारो तांत्रिक कागदपत्रं आणि सोर्स कोड घेऊन आले. हायटेराचा नवा रेडिओ बाजारात आला तो मोटोरोलाच्या रेडिओपासून वेगळा ओळखू येईना. नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, दावा लागला. सुनावणी साडेतीन महिने चालली.

भरपाई ३४ कोटी ५८ लाख डॉलर. त्यावर दंड ४१ कोटी ८८ लाख.

सॅन फ्रान्सिस्कोत जे ज्यूरीच्या तोंडून निघायचं राहून गेलं, ते शिकागोत निघालं, जवळपास त्याच प्रकारच्या कथेवर. मला वाटतं, उबरने ०.३४ टक्के दिले ते नेमकं अशा निकालाची भीती बाळगून. पुढे शिकागोचा एकूण आकडा ५४ कोटी ३७ लाखांवर आणला गेला. त्यातही दंड २७ कोटींच्या वर राहिला. आणि २०२४च्या एप्रिलमध्ये चीनमधला समांतर दावा मागे घेत नाही म्हणून एका न्यायाधीशांनी हायटेराला रोज १० लाख डॉलरचा दंड लावला. अपील न्यायालयाने तो दोन आठवड्यांत थांबवला, पण शेन्झेनमध्ये ते दिवस तासातासाने मोजले गेले असणार.

४ मार्च २०२०, बुधवार. उरले ०

लवादाच्या निवाड्यावर न्यायालयाची मोहोर. व्याज आणि वकिलांचा खर्च धरून सुमारे १७ कोटी ९० लाख डॉलर. रॉनच्या वाट्याचे ९७ लाख त्याआधीच मिटले, ते उबरने भरले. लेव्हान्डोवस्कीच्या वाट्याचे भरायचे की नाही, यावर मात्र उबरने हात वर केले. त्या ११ एप्रिलच्या कलमात झडतीत खरं सांगितलेलं हवं अशी अट होती, आठवतं?

त्याच दिवशी त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. मालमत्ता ५ ते १० कोटी डॉलरच्या दरम्यान, देणं १० ते ५० कोटींच्या दरम्यान, असं त्यात लिहिलं. गूगलने दिलेला बोनस आणि गूगलला द्यायची रक्कम समोरासमोर मांडली तर मोटारीवर घालवलेली वर्षं पदरचे पैसे घालून केल्यासारखी दिसतात.

शून्याच्या पलीकडे

पंधरा दिवसांनी त्याने ३३पैकी एका कलमाखाली गुन्हा कबूल केला. त्या कलमातली फाइल ना लेझरची होती, ना बोर्डाची. प्रकल्पाच्या साप्ताहिक प्रगतीची यादी होती: कुणाचं काय काम, कुठवर आलं. आपल्या प्रत्येक ऑफिसात सोमवारी सकाळी अशी एक एक्सेल फिरते आणि ती कुणी नीट वाचत नाही.

४ ऑगस्ट २०२० रोजी ऑल्सप यांनी १८ महिन्यांची कैद सुनावली, पण कोविडची साथ ओसरल्यावर हजर व्हायची मुभा दिली. सोबत आणखी एक काम सोपवलं: तरुण इंजिनीअरांसमोर २०० भाषणं. विषय न्यायाधीशांनीच दिला, मी केंद्रीय तुरुंगात का गेलो.

माणसं आणि दंड यांची अशीच गाठ पुढेही पडली: २०२३ साली टेक्सासमध्ये टीसीएस पुन्हा एका ज्यूरीसमोर उभी होती. एका विमा कंपनीचं काम मिळवताना तिचे २,००० च्या वर कर्मचारी टीसीएसने आपल्या पटावर घेतले होते, आणि त्यांच्या हाती असलेलं तिसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर त्यातून हाती लागलं, असा आरोप होता. ज्यूरीने भरपाई ७ कोटी सांगितली, दंड १४ कोटी. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी भरपाई ५ कोटी ६० लाखांच्या घरात आणली. दंड दुप्पट ठेवला.

लेव्हान्डोवस्कीचं राहिलं. २० जानेवारी २०२१, वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र नुकतीच उलटलेली. ट्रम्प यांची पहिली कारकीर्द संपायला अर्ध्या दिवसाहून कमी वेळ होता. माफीची यादी बाहेर पडली आणि तिच्यात त्याचं नाव होतं. शिक्षा अजून सुरूच झाली नव्हती, त्यामुळे तुरुंगात त्याची एकही रात्र गेली नाही, आणि न्यायाधीशांनी दिलेल्या विषयावर बोलण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नाही.